फ्लॉरेन्स येथील करवीरकर छत्रपतींची छत्री

इटलीस जाणारे महाराष्ट्रीय प्रवासी हल्लीं पुष्कळ झाले आहेत, व रोम आणि व्हेनिस यांच्या जोडीस फ्लॉरेन्स हें शहरही बहुतेकांच्या यादींत असतें. परंतु प्रवासी संस्था या शहरास बहुधा एकच दिवस देतात, आणि त्या दिवसांत करवीरच्या एका छत्रपतींचें दहनस्थळ दाखविण्यास त्यांना सवड नसते. आमच्या वांट्यास आलेल्या दिवसाचीही हीच गत झाली. तेव्हां मुक्काम एका दिवसानें वाढवून आम्हीं तें स्थळ पाहिलें. फ्लॉरेन्स कोणत्या क्रमानें पाहावें, आणि १८७० सालचें शहर डोळ्यांपुढें आणतांना आजच्या शहरांतून काय काय वजा करावें, हें थोडक्यांत सांगण्याचा येथें उद्देश आहे.

प्रथम व्यक्तिनिश्चिति केली पाहिजे. कारण नामसादृश्यामुळें या बाबतींत घोटाळा झालेला आम्हीं अनेकदां ऐकिला आहे. शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम महाराज १७०० सालीं सिंहगडावर निवर्तले. शाहू छत्रपतींचे पुत्र राजाराम महाराज १९४० सालीं निवर्तले. प्रस्तुत राजाराम महाराज हे या दोघांहून निराळे. ते पाटणकर घराण्यांतून दत्तक आले व १८६६ सालीं करवीरच्या गादीवर बसले. १८७० सालीं त्यांनीं इंग्लंडचा प्रवास केला, आणि परतीच्या वाटेवर असतां त्याच वर्षीं ३० नोव्हेंबर रोजीं फ्लॉरेन्स येथें त्यांचें देहावसान झालें. वय अवघें वीस वर्षांचें. या प्रवासांत त्यांनीं इंग्रजींत ठेविलेली रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनीं १८७२ सालीं लंडन येथें छापून प्रसिद्ध केली. ती आज अभ्यासकांस उपलब्ध आहे.

आतां शहर पाहूं. सकाळच्या प्रहरीं महामंदिराच्या घुमटापासून आरंभ करावा. ब्रुनेलेस्की या कारागिरानें १४२० ते १४३६ या काळांत, जमिनीपासून लांकडी सांगाड्याचा आधार न उभारतां, हा प्रचंड घुमट बांधिला. ४६३ पायऱ्या चढून माथ्यावर गेलें असतां तांबड्या कौलांचें सगळें शहर व त्यामधून वाहणारी आर्नो नदी एका दृष्टीक्षेपांत येते. मात्र खालीं उतरल्यावर मंदिराचें जें रंगीत संगमरवरी दर्शनी अंग मन वेधून घेतें, तें जुनें नव्हे. तें १८८७ सालीं पुरें झालें. महाराज आले त्या वेळीं तेथें नुसती ओबडधोबड भिंत होती.

तेथून सिन्योरिया चौकांत यावें. मायकेल अँजेलोनें १५०४ सालीं पुरा केलेला डेव्हिडचा पुतळा १८७३ सालापर्यंत याच चौकांत, उन्हापावसांत उभा होता. आज चौकांत आहे ती प्रतिकृति; मूळ पुतळा अकादमीच्या संग्रहालयांत आहे व त्यासाठीं तेथेंच गेलें पाहिजे. जवळच उफिझीचें चित्रसंग्रहालय आहे. त्यास निदान अर्धा दिवस द्यावा. पुढें सांता क्रोचे या मंदिरांत गॅलिलिओ, मॅकियाव्हेली व मायकेल अँजेलो यांचीं थडगीं एका छताखालीं आहेत. नदीवरील पुलांपैकीं फक्त १३४५ सालचा ‘जुना पूल’ प्राचीन म्हणावा. १९४४ सालच्या ऑगस्टांत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें शहरांतील इतर पूल उडवून दिले, ते मागाहून पुन्हा बांधिले गेले.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १८६५ पासून १८७१ पर्यंत फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. १८७० च्या सप्टेंबरांत रोम हस्तगत झालें होतें, पण दरबार अद्याप हलला नव्हता. नदीच्या उत्तरेकडील जुना तट पाडून रुंद रस्ते करण्याचें काम चालू होतें. म्हणजे महाराजांचा अंत एखाद्या आडगांवीं नव्हे, तर एका नव्या राष्ट्राच्या राजधानींत झाला. तेथें त्या काळीं प्रेतदहनाची रूढि नव्हती; मिलान येथील दहनगृह झालें तेंही पुढें १८७६ सालीं. अशा ठिकाणीं अधिकाऱ्यांची खास परवानगी मिळवून, कास्चीने नांवाच्या उपवनाच्या पश्चिम टोंकास, जेथें मुन्योने ही लहान नदी आर्नोस मिळते तेथें, बरोबरच्या मंडळींनीं दहनविधि केला.

संगमाच्या या निवडीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. ज्या राजधानीची पंचगंगा प्रयाग-चिखलीच्या संगमावर कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व गुप्त सरस्वती मिळून बनते, तेथील माणसांना परमुलखांतही संगमच शोधावासा वाटला असेल, हें आमचें अनुमान आहे. तें प्रमाण म्हणून कोणी घेऊं नये. परंतु स्थळ केवळ सोईचें म्हणून पत्करलें असतें, तर शहरापासून इतकें दूर जाण्याचें प्रयोजन दिसत नाहीं.

या जागीं १८७४ सालीं जी वास्तु उभी राहिली, तिला तेथील लोक स्मारक म्हणतात. आपण छत्री म्हणावें. दहनस्थळीं स्तंभांवर घुमटी उभारावी, ही आपल्याकडील राजघराण्यांची रीति. आणि तीच येथें पाळलेली दिसते. घुमटीखालीं फुलर या शिल्पकारानें घडविलेला महाराजांचा अर्धपुतळा आहे. घुमटीची योजना मेजर चार्ल्स मँट यांची. कोल्हापूरचा नवा राजवाडाही पुढें यांच्याच आराखड्यावरून बांधिला गेला. ज्यांनीं तो वाडा पाहिला आहे त्यांनीं दोन्ही वास्तू ताडून पाहाव्या.

कास्चीनेच्या पूर्वेकडील तोंडापर्यंत ट्राम जाते. तेथून नदीकांठानें झाडींतून सुमारें तीन किलोमीटर चालावें लागतें. आमच्या वयासही तें जड गेलें नाहीं. मात्र वाटेंत रस्ता विचारतांना महाराजांचें नांव घेऊन उपयोग होत नाहीं. तेथें ‘इंदियानो’, म्हणजे ‘हिंदी माणूस’, एवढेंच ठाऊक आहे; जवळच १९७८ सालीं पुरा झालेला मोठा पूलही याच नांवानें ओळखिला जातो. परक्यांनीं निदान देश लक्षांत ठेविला. नांव लक्षांत ठेवणें हें काम आपलें होतें, आणि त्यांत आपली हयगय झाली, हें कबूल केलें पाहिजे.

यास्तव आमची विनंति इतकीच कीं, फ्लॉरेन्सला जाणाऱ्या महाराष्ट्रीयांनीं एक सायंकाळ या संगमासाठीं राखून ठेवावी, आणि छत्रीवरील लेखांचीं स्पष्ट छायाचित्रें तारखेसह घेऊन मंडळाच्या दप्तरीं पाठवावीं. दगडावरील अक्षरें पावसानें झिजतात. वेळीं नक्कल झाली म्हणजे पुढील अभ्यासकाची सोय होईल.