मॉरिशसची अर्थव्यवस्था

मॉरिशस हा हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागात, मादागास्करच्या पूर्वेस वसलेला द्वीपदेश आहे. त्याची राजधानी पोर्ट लुई होय. देशाचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौ. किमी, म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या सुमारे एक-सप्तमांश असून लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. खनिज संपत्ती नसलेल्या या देशाने केवळ उसावर विसंबलेल्या अर्थव्यवस्थेपासून वस्त्रोद्योग, पर्यटन आणि वित्तीय सेवांपर्यंत मजल मारली. येथील भारतीय वंशाच्या समाजात मराठी मजुरांचे वंशजही आहेत.

इतिहास

डचांनी १५९८ मध्ये या निर्मनुष्य बेटावर पाऊल ठेवले व राजपुत्र मॉरिट्सच्या नावावरून त्याचे नामकरण केले. त्यांनीच येथे ऊस आणला. डच १७१० मध्ये निघून गेले. १७१५ पासून फ्रेंचांची व १८१० पासून ब्रिटिशांची सत्ता होती. फ्रेंच काळात उसाचे मळे गुलामांच्या श्रमावर उभे राहिले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपुष्टात आली. तत्पूर्वीच, १८३४ पासून, भारतातून करारबद्ध मजूर आणण्यास प्रारंभ झाला होता. पुढील आठ-नऊ दशकांत सुमारे साडेचार लाख मजूर येथे आले. मळ्यांवर एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. हे मजूर ज्या धक्क्यावर उतरत, तो पोर्ट लुई येथील 'आप्रवासी घाट' २००६ पासून युनेस्कोचे जागतिक वारसास्थळ आहे.

मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांत कोकणातील, विशेषतः रत्नागिरी भागातील, मराठी कुटुंबे होती. त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव व 'झाकरी' हे लोकनृत्य जपले आहे. गणेश चतुर्थीला देशात सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांतून मराठी शिकविली जाते.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. शिवसागर रामगुलाम हे पहिले पंतप्रधान होते. १९९२ मध्ये मॉरिशस प्रजासत्ताक झाला.

आर्थिक विकास

स्वातंत्र्याच्या वेळी निर्यातीचे नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पन्न साखरेचे होते. वाढती लोकसंख्या, बेकारी व चक्रीवादळे पाहता अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी देशाच्या भवितव्याविषयी निराशेचा सूर लावला होता. हे भाकीत खरे ठरले नाही. १९७० च्या कायद्याने निर्यात प्रक्रिया क्षेत्र निर्माण करून कच्च्या मालावरील आयातशुल्कात व करात सवलती देण्यात आल्या. कापड व तयार कपड्यांचे कारखाने उभे राहिले आणि हजारो स्त्रियांना प्रथमच पगारी काम मिळाले. लोमे करारानुसार १९७५ पासून युरोपला ठरावीक साखर हमीभावाने विकता येऊ लागली. त्यातून आलेले भांडवल कारखाने व हॉटेलांत गुंतविले गेले.

मात्र ही प्रगती परकीय बाजारपेठांतील सवलतींवर अवलंबून होती. २००५ मध्ये जागतिक वस्त्रव्यापारातील कोटापद्धती संपली. पाठोपाठ युरोपीय संघाने साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी घटविला. कापड कारखान्यांतील अनेकांचा रोजगार गेला. त्यानंतर देशाने वित्तीय सेवा व माहिती तंत्रज्ञानावर भर दिला.

व्यवसायाचे वातावरण

कायदेपद्धतीवर फ्रेंच व ब्रिटिश अशा दोन्ही परंपरांचा प्रभाव असून अंतिम अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे करता येते. राजभाषेसारखा वापर इंग्रजीचा असला, तरी घरोघरी क्रिओल बोलली जाते. २००६ मध्ये व्यवसाय सुरू करण्याची प्रक्रिया सुलभ करण्यात आली. जागतिक बँकेच्या २०२० च्या व्यवसायसुलभता अहवालात मॉरिशस १९० अर्थव्यवस्थांत तेराव्या स्थानी होता.

भारताशी १९८२ मध्ये झालेल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारामुळे भारतीय शेअर बाजारातील मोठी परकीय गुंतवणूक मॉरिशसमार्गे येत असे. या वाटेचा करचुकवेगिरीसाठी उपयोग होतो, अशी टीका झाल्यावर २०१६ मध्ये करारात दुरुस्ती करण्यात आली. २०२१ मध्ये दोन्ही देशांत व्यापक आर्थिक सहकार्याचा करार झाला.

आव्हाने

अन्नधान्य व इंधनासाठी देश आयातीवर अवलंबून आहे. २०२० मध्ये जागतिक बँकेने त्याची गणना उच्च उत्पन्न गटात केली. परंतु महासाथीत पर्यटन ठप्प झाल्याने पुढच्याच वर्षी हे स्थान गेले. त्याच २०२० मध्ये 'वाकाशिओ' जहाजातून झालेल्या तेलगळतीने आग्नेय किनाऱ्यावरील मासेमारीस फटका बसला.