गुणसूत्र

‘गुणसूत्र’ या शब्दात दोरा दोनदा आला आहे, कारण संस्कृतात ‘गुण’ म्हणजे लक्षण, तसाच दोरा आणि धनुष्याची दोरीही, आणि द्विगुण, त्रिगुण हे शब्द पदरांच्याच मोजणीचे. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी 1888 मध्ये दिलेले ‘क्रोमोसोम’ हे नाव मात्र ‘रंग’ आणि ‘देह’ या ग्रीक शब्दांचे. ‘रंगसूत्र’ हा पर्याय त्याला जवळचा, पण अर्थाने फिकाच.

पदरांचा हिशेब गव्हात खुलतो. ठाण्यातल्या बाळकुमच्या गिरणीत पोळ्यांसाठी दळल्या जाणाऱ्या गव्हात तीन पूर्वजांची मिळून 42 गुणसूत्रे असतात, तर दाण्याला तूस घट्ट चिकटल्याने कांडावा लागणाऱ्या खपली गव्हात दोघांची 28. अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे परागकण आणि बीजांडे घडताना संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनात, प्रत्येक सूत्र आपला जोडीदार शोधते. तेथे वेगवेगळ्या पूर्वजांची सारखी दिसणारी सूत्रे एकमेकांत गुंतली तर बीजधारणा घटते, म्हणून ‘पीएच-1’ हे जनुकस्थान, ज्याचा शोध रायली-चॅपमन आणि सीअर्स-ओकामोटो या संशोधक-जोड्यांनी 1958 मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला, खऱ्या जोडीदारांचीच गाठ पडू देते. ते दोन्ही गव्हांत असलेल्या, एका पूर्वजाकडून आलेल्या ‘ब’ संचातील पाचव्या गुणसूत्रावर असल्याने खपलीतही आहे. ठाण्याच्या खाचरांतल्या भाताला मात्र, 12 सरळ जोड्यांमुळे, असला राखणदार लागत नाही.