आयर्लंडचे १९३७ साल

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या आयर्लंडचा विषय निघाला की १९२२ चे यादवी युद्ध आठवते. आजचे आयरिश राज्य ज्या राज्यघटनेवर उभे आहे, ती मात्र १९३७ ची आहे.

१९२१ च्या तहामुळे मिळालेल्या स्वातंत्र्याला ब्रिटिश राजनिष्ठेची अट जोडलेली होती. १९३२ मध्ये सत्तेवर आलेल्या इमन डी व्हॅलेरा यांनी पुढील वर्षी राजनिष्ठेची शपथ रद्द केली. डिसेंबर १९३६ मध्ये आठव्या एडवर्डने राजत्याग केला, तेव्हा त्यांनी संधी साधून राजा व गव्हर्नर-जनरल यांना घटनेतूनच वगळले. परराष्ट्र व्यवहारापुरते राजाचे नाव उरले. नव्या घटनेत निर्वाचित राष्ट्राध्यक्षपद आले. ‘प्रजासत्ताक’ हा शब्द मात्र डी व्हॅलेरांनी त्यात येऊ दिला नाही.

मसुद्यावर सर्वाधिक रोष ओढवला तो स्त्रियांचा. १९१६ च्या जाहीरनाम्याने सर्व नागरिकांना समान हक्कांचे आश्वासन दिले होते. येथे मात्र कलम ४१ ने स्त्रीचे स्थान घरात मानले. हॅना शीही-स्केफिंग्टन यांच्यासारख्या जुन्या लढवय्या स्त्रिया आणि पदवीधर महिलांची संघटना यांनी विरोधात मोहीम उघडली. तिच्या रेट्यामुळे नागरिकत्व व मताधिकाराच्या कलमांत लिंगभेद न करण्याचे शब्द आले, पण कलम ४१ हलले नाही. ते बदलण्याचा प्रस्ताव ८ मार्च २०२४ च्या सार्वमतातही फेटाळला गेला. कॅथलिक चर्चला दिलेले ‘विशेष स्थान’ १९७२ च्या सार्वमताने गेले, तर घटस्फोटावरील बंदी १९९५ च्या सार्वमताने. संपूर्ण बेटावर हक्क सांगणारी कलमे १९९८ च्या करारानंतर बदलली.

१ जुलै १९३७ रोजी सार्वत्रिक निवडणुकीबरोबरच सार्वमत घेण्यात आले. बाजूने ६,८५,१०५ आणि विरोधात ५,२६,९४५ मते पडली. राष्ट्राच्या मूलभूत कायद्याला मिळालेली ही संमती भरघोस म्हणता येणार नाही. डी व्हॅलेरांच्या फियाना फॉइल पक्षालाही १३८ पैकी ६९, म्हणजे नेमक्या निम्म्याच जागा मिळाल्या. राज्यघटना २९ डिसेंबरला अमलात आली.

भारतीय वाचकाला या घटनेतील कलम ४५ ओळखीचे वाटेल. सामाजिक धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे त्यात सांगितली आहेत आणि त्यांची अंमलबजावणी न्यायालयाकरवी करून घेता येणार नाही, असेही म्हटले आहे. आपल्या संविधानाच्या चौथ्या भागाची कल्पना येथूनच आली. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस डब्लिनला जाऊन डी व्हॅलेरांना भेटले होते. न्यायालयात दाद मागता येत नसेल तर अशा तत्त्वांचा उपयोग काय, हा आक्षेप दिल्लीतही निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये त्याला उत्तर दिले, तेव्हा आयरिश घटनेचा दाखला दिला. सत्तेवर येणाऱ्याला या तत्त्वांकडे दुर्लक्ष करता येणार नाही. न्यायालयात नाही, तरी निवडणुकीत मतदारांपुढे त्याला जाब द्यावा लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता.