घोरपडे : एका आडनावाची कथा

बंगळूरच्या उत्तरेस पस्तीस-चाळीस किलोमीटरांवर देवनहळ्ळी हे गाव आहे. तेथे २००८ साली विमानतळ सुरू झाल्यापासून गावाचे नाव पुष्कळांना परिचयाचे झाले; परंतु विमानातून उतरलेला प्रवासी शहराच्या वाटेस लागतो तो तेथल्या जुन्या किल्ल्याकडे पाठ करूनच. इतिहासाच्या वाचकाला मात्र हा किल्ला दोन कारणांनी ओळखीचा आहे. टिपू सुलतानाचा जन्म येथला. आणि १७४९ मध्ये म्हैसूरकरांनी या किल्ल्यास वेढा घातला, तेव्हा हैदर नावाच्या, तोवर फारसे कोणास ठाऊक नसलेल्या एका शिपायाचे शौर्य म्हैसूरचा सर्वाधिकारी नंजराज याच्या नजरेस भरले. हैदराचे भाग्य उघडले ते येथे. त्या उदयापायी कर्नाटकातील एका मराठी घराण्याची दौलत पुढे बुडाली. आज बोलावयाचे आहे ते त्या घराण्याच्या आडनावाविषयी.

आडनाव आहे घोरपडे. त्याची व्युत्पत्ती सांगावयास पंडित नको. घोरपड कोकणातल्या आणि मावळातल्या पोरासही ठाऊक असते. मुधोळच्या राजघराण्यात परंपरा अशी की, पंधराव्या शतकात बहामनी फौजेने खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घेतला त्या वेळी त्यांचा पूर्वज घोरपडीच्या कमरेस दोर बांधून तट चढला आणि त्यावरून हा किताब मिळाला. त्यापूर्वीचे त्यांचे आडनाव भोसले होते, असेही परंपरा सांगते. या परंपरेस आधार म्हणून मुधोळकरांनी फर्माने पुढे केली. त्यांच्या खरेपणाविषयी इतिहाससंशोधकांत मोठा वाद झाला. माझे मत विचाराल तर फर्मानांवर फार भार टाकू नये. हीच घोरपड सिंहगडावर तानाजीच्याही कामास येते, त्यावरून ती लोककथेची जुनी चाकर असावी असे वाटते. तथापि चिवटपणाने धरून राहणाऱ्या माणसास लोकांनी घोरपड म्हणावे, हे कोणासही पटण्याजोगे आहे.

आता लेखनाविषयी. मराठीत आपण घोरपडे लिहितो, कन्नडात घोर्पडे असे लिहिलेले आढळते. दोहोंत अंतर फारसे नाही. खरी गंमत इंग्रजांनी केली. त्यांच्या जिभेस आपला ‘ड’ पेलेना, त्यांच्या कानास तो ‘र’सारखा लागे. म्हणून १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने या कुळाचे नाव ‘घोरेपुरे’ असे काहीसे लिहून ठेवले. पुण्याच्या घोरपडी गावाची ‘घोरपुरी’ झाली तीही याच न्यायाने. पण नाव विद्रूप होण्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे ते गळून पडणे. गुत्तीच्या मुरारराव घोरपड्याला मद्रासकर इंग्रज नुसते ‘मोरारी रो’ म्हणत. परिणाम असा की, इंग्रजी पुस्तकांवर वाढलेल्या आमच्या पिढ्यांनी क्लाइव्हच्या अर्काटच्या लढाईची वर्णने आवडीने वाचली. पण १७५१ मध्ये क्लाइव्हच्या मदतीस निघालेला तो मराठा सरदार संताजी घोरपड्याच्या कुळातला होता, हे कितीकांच्या ध्यानात आले असेल?

संताजीचे नाव निघाले की कोणत्याही मराठी माणसास थांबावेसे वाटते. राजाराम महाराजांच्या या सेनापतीची कर्नाटकाशी गाठ किती घट्ट होती पाहा. १६८७ मध्ये कासिमखान या मोगल सरदाराने बंगळूर घेतले. शहाजीराजांच्या जहागिरीचे ते ठाणे एकोजीराजांकडून गेले आणि मोगलांनी ते चिक्कदेवराज वोडेयराला विकले. याच कासिमखानास संताजीने १६९५ मध्ये चित्रदुर्गाजवळ दोड्डेरीच्या गढीत कोंडले. तेथेच खानाचा अंत झाला. पुढे दीड वर्षाच्या आतबाहेर, १६९७ मध्ये, संताजीही मारला गेला, आणि तो मोगलांच्या हातून नव्हे, आपल्याच माणसाच्या हातून.

संताजीने मागे ठेवलेला एक वारसा रक्ताचा नव्हता. कोकणातून नारो महादेव जोशी नावाचा एक ब्राह्मण मुलगा विधवा आईबरोबर कापशीस आला. संताजीने त्यास वाढविले, योग्यतेस चढविले. त्या उपकाराची आठवण म्हणून नारो महादेवाने आपले आडनाव टाकून धन्याचे लावले. इचलकरंजीचे ब्राह्मण घोरपडे ते हेच. त्यांच्या मुलाला, व्यंकटरावाला, पेशवा बाळाजी विश्वनाथाची कन्या अनूबाई दिली होती; बाळकृष्णबुवांच्या गाण्याला आश्रय देणारे संस्थानही हेच. आडनावावरून जात आणि गोत्र ओळखू पाहणाऱ्यांनी, आणि आपल्यात ते थोडे नाहीत, कापशी व इचलकरंजी ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावी.

मुराररावाकडे पुन्हा वळू. १७४१ मध्ये रघूजी भोसल्यांबरोबर त्याने त्रिचनापल्ली घेतली व दोन वर्षे तेथे अंमल केला. नंतर गुत्तीच्या डोंगरी किल्ल्यावरून तो कधी फ्रेंचांना, कधी इंग्रजांना आपले घोडदळ देत असे. त्यास कोणी भाडोत्री म्हणतात. परंतु माधवराव पेशव्याच्या हैदरावरील स्वाऱ्यांत तो पेशव्याच्या बाजूस होता, हेही सांगितले पाहिजे. पुण्यात गृहकलह माजला, मदत येईना, आणि १७७६ मध्ये हैदराने गुत्ती घेतली. गडावरचे पाणी आटले, तेव्हा मुराररावाने हत्यार खाली ठेवले. त्याची रवानगी झाली ती कनकपुराजवळच्या कब्बाळदुर्गावर. तेथल्या कैदेत तो मेला. देवनहळ्ळीहून कब्बाळदुर्ग शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या अंतरावर आहे. हैदराला ते कापावयास सत्तावीस वर्षे लागली.

मुधोळ, गजेंद्रगड, कापशी, दत्तवाड, इचलकरंजी अशा शाखांनी हे नाव पुढे चालले. जयसिंगराव घोरपडे १९५० नंतरच्या दशकात भारतातर्फे आठ कसोटी सामने खेळले. बेल्लारीकडचे लहानसे संडूर संस्थान मुराररावाच्याच कुळाकडे राहिले. ते १९४९ मध्ये विलीन झाले. त्या घराण्यातील एम. वाय. घोरपडे हे १९७२ ते १९७७ या काळात कर्नाटकाचे अर्थमंत्री होते. बंगळूरच्या विधानसौधात ते राज्याचा अंदाजपत्रकी हिशेब मांडीत असत. त्यांच्या नावातील ‘एम’ हे अक्षर मुरारराव या नावाचे आहे.