साडेसहा म्हणजे किती?

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही स्टेशनबाहेर मान वर करून पाहिलं, की परदेशी शिक्षणाच्या क्लासची पाटी दिसते. त्या क्लासला जाणाऱ्या मुलाला घरी आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘बँड किती आले?’ मुलगा सांगतो, ‘साडेसहा.’ मग वडीलधारी माणसं नवापैकी साडेसहाचे टक्के काढतात, बहात्तर भरतात आणि फर्स्ट क्लास मिळाला म्हणून निश्चिंत होतात. हा हिशेब चुकतो. तो का चुकतो हे ज्याला जाणून घ्यावंसं वाटेल, त्याचं भाषा-परीक्षणाच्या अभ्यासक्षेत्रात मनापासून स्वागत आहे.

इंग्रजीची परीक्षा मुंबईला नवी नाही. विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या परीक्षार्थींपैकी. तेव्हापासून आपल्या मनात परीक्षेला दोनच शेवट आहेत, पास किंवा नापास. १९८९ साली सुरू झालेल्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत मात्र नापास नावाची गोष्टच नाही. तिथे शून्य ते नऊ बँडची एक पट्टी असते आणि तुम्ही पट्टीवर कुठे उभे आहात एवढंच कागद सांगतो. ते पुरेसं आहे का, हे कागद मागणारा ठरवतो. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला ऐकणं, वाचणं, बोलणं यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ लागतात. अंधेरीच्या एखाद्या सिस्टरला सगळीकडे साडेसहा मिळाले, तर नोंदणी अडते. तोच कागद घेऊन ती एखाद्या विद्यापीठात सहज प्रवेश मिळवू शकते. तिचं इंग्रजी दोन्हीकडे तेच असतं.

आता गुणपत्रिका जवळून पाहू. एका मुलीला ऐकण्यात ६, वाचनात ७.५, लेखनात ६.५ आणि बोलण्यात ५.५ मिळाले. सरासरी ६.३७५, ती जवळच्या अर्ध्या बँडवर नेली की ६.५. दुसऱ्या मुलाचे आकडे त्याच क्रमाने ७, ६, ५.५ आणि ७.५. सरासरी ६.५. वरचा आकडा एकच, पण माणसं किती निराळी! पहिली कदाचित मराठी माध्यमातून आलेली, पुस्तकांशी मैत्री असलेली, पण समोर परीक्षक बसला की शब्द अडणारी. दुसरा फाडफाड बोलणारा, पण अडीचशे शब्दांत एक मुद्दा शेवटपर्यंत नेताना दमणारा. आणि विद्यापीठाची अट ‘एकूण ६.५, कुठल्याही विभागात ६ पेक्षा कमी नाही’ अशी असेल, तर दोघंही बाहेर. म्हणून माझा आग्रह आहे, की एकूण बँड सगळ्यात शेवटी वाचावा.

टक्क्यांचा हिशेब कोसळतो तो आणखी आत. वाचनाच्या चाळीस प्रश्नांपैकी साधारण तीस बरोबर आले, तर आयईएलटीएसच्या ॲकॅडमिक प्रकारात ७ मिळतात, जनरल ट्रेनिंग प्रकारात ६. जनरलचे उतारे तुलनेने सोपे असतात, म्हणून त्याच बँडसाठी जास्त उत्तरं बरोबर यावी लागतात. शिवाय प्रत्येक मोजमापात थोडी चूक असतेच. तोच विद्यार्थी पंधरा दिवसांनी पुन्हा बसला, तर इंग्रजी तसूभरही न बदलता एखाद्या विभागात अर्धा बँड इकडे तिकडे होऊ शकतो. परीक्षा घेणाऱ्यांना हे ठाऊक असतं. ज्याचं स्वप्न त्या अर्ध्या बँडवर अडकलेलं असतं, त्याला ते कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

इंग्रजीच्या इतर परीक्षांच्या पट्ट्या निराळ्या: पीटीई १० ते ९० मध्ये बोलते, ड्युओलिंगो १० ते १६० मध्ये. या सगळ्यांना एका भाषेत आणायला युरोप परिषदेची २००१ सालची चौकट उपयोगी पडते. ए१ ते सी२ अशा तिच्या सहा पायऱ्या. गुणांऐवजी ती विचारते, की या माणसाला भाषेत काय काय करता येतं. साडेसहा तिच्यात बी२च्या वरच्या टोकाला बसतो: गुंतागुंतीच्या मजकुराचा गाभा कळतो आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्यांशी संवाद दोन्ही बाजूंना ओढाताण न होता चालतो. अर्थात दोन परीक्षांमधली तुलनेची कोष्टकं ढोबळच असतात. त्यांवर डोळे झाकून भरवसा ठेवू नये.

परीक्षेची सावली शिकवण्यावर पडते, हा या क्षेत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा विषय. बोलण्याच्या दुसऱ्या भागात एक मिनिट तयारीला मिळतं आणि मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं असतं. त्यासाठी मुलं कित्येक महिने तयार उत्तरं घोकतात. परीक्षक पुढचा प्रश्न थोडा वळवून विचारतो आणि घोकलेलं तिथेच संपतं. तेवढेच महिने ती मुलं खरोखर बोलली असती, तर पायरी चढली असती.

हे शास्त्र फक्त इंग्रजीचं नाही. कालिन्याच्या संकुलात मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर अमराठी भाषकांसाठी ‘माय मराठी’ हा अभ्यासक्रम घडवला. मुलुंडमध्ये नव्याने राहायला आलेल्या बँक कर्मचाऱ्याला काउंटरवर किती मराठी पुरेल, रिक्षाचालकाला किती, रुग्णालयातल्या डॉक्टरला किती, ते कसं मोजायचं आणि कुणी ठरवायचं, हे प्रश्न आज आपल्यापुढे आहेत. त्यांवर काम करायला माणसं हवी आहेत.