दोंदाची साक्ष

आमच्या मामांना सारी आळी ‘खात्यापित्या घरचा माणूस’ म्हणे. धोतराच्या निऱ्यांवर विसावलेले त्यांचे दोंद म्हणजे घरच्या सुबत्तेची पाटीच! १९७४ साली ते जलोदराने गेले. यकृत निकामी झाले होते. “काही घेत होते का?” असे डॉक्टरांनी विचारले मात्र, आणि आळीत जी कुजबुज सुरू झाली ती मामींच्या वाट्याला कायमची आली. मामांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी पार रोमपर्यंत गेलो. प्राचीन रोमन लोक हंसांना अंजिरे चारचारून त्यांचे यकृत चरबीने फुगवीत आणि मिटक्या मारीत खात. अंजिराच्या लॅटिन शब्दावरूनच फ्रेंच आणि इटालियन भाषांत यकृताला नाव पडले. अतिखाण्याने यकृतावर चरबी चढते, हे आचाऱ्यांना असे केव्हाच ठाऊक होते. माणसाच्या बाबतीत मात्र बोट वळे ते दारूकडेच.

१९४७ साली मार्सेयच्या डॉ. झाँ व्हाग यांनी दाखवले की, मांड्यानितंबांवरच्या चरबीपेक्षा पोटाकडची चरबी अधिक घातक. याचे एक कारण असे : आतड्यांभोवतीच्या चरबीतून निघणारे रक्त थेट यकृतात जाते आणि तिच्यातून सुटलेली स्निग्धाम्ले तेथे नेऊन टाकते. शिवाय शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, आणि यकृत स्वतःच जादा चरबी तयार करू लागते.

पुढे १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. युर्गेन लुडविग व सहकाऱ्यांनी २० रुग्णांची हकिकत छापली. यकृते मद्यप्यांसारखी, पण मद्याचे व्यसन नाही. बहुतेक जण स्थूल!

सडपातळांनी मात्र निर्धास्त राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच. चरबी मात्र याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के, तर युडकिनांच्या ९.१! म्हणून आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे सांगतात. फराळाच्या ताटावर बसण्यापूर्वी शिवणाच्या डब्यातली टेप एकदा जरूर काढावी.

मामांना नेमके तेच झाले होते, असे आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. तरी लुडविगांची हकिकत मी मामींना समजावून सांगितली होती. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “सहा वर्षं आधी का नाही लिहिलंन रे त्यानं?”