चित्रातला माणूस आणि बाजारातला माणूस



हमालांच्या संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाने चित्रांवर बोलावे, याचे काहींस नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि बाजाराच्या भिंतींवर अधिक झाले. त्या भिंतींवर आम्ही व्यंगचित्राची शक्ती पाहिली, आणि तिचा दुरुपयोग आमच्याच हातून झालेलाही पाहिला.

व्यंगचित्र ही वजाबाकी होय. माणसाच्या अंगची शंभर लक्षणे चित्रकार गाळतो आणि उरलेली दोन-तीन फुगवितो. ज्यास अक्षरओळख नाही त्यासही ते क्षणात कळते. लेखाशी वाद घालता येतो. हशाशी वाद घालू जाणारा स्वतःच हास्यास्पद ठरतो. प्रचारकास हे साधन प्रिय असते ते याचमुळे.

सत्ताधाऱ्याचे व्यंगचित्र लोकशाहीस उपकारकच असते. १९४८ साली 'शंकर्स वीकली' निघाले, तेव्हा मलाही सोडू नका, असे पंडित नेहरूंनी शंकर यांस सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. नेहरूंपाशी उत्तर देण्यास संसद होती, वृत्तपत्रे होती. परंतु ज्याचे नाव नाही, केवळ पेहराव आहे, अशा माणसाचे चित्र निघाले म्हणजे उत्तर कोणी द्यावयाचे?

याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी १३ ऑगस्टला बाळ व श्रीकांत ठाकरे या बंधूंनी 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक काढले. बाळ ठाकरे यांचा कुंचला समर्थ होता. 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये तो घडला होता. मुंबईतील मराठी तरुणांची बेकारी हेही खोटे दुःख नव्हते. 'वाचा आणि थंड बसा' या सदरात कचेऱ्यांतील परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या येऊ लागल्या. यादीतील नावे वाचून विसरता येतात. पण सोबतच्या व्यंगचित्रांनी त्या नावांना एक चेहरा दिला. तो लुंगीतला दाक्षिणात्य होता. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली आणि घोषणा उठली, 'हटाव लुंगी, बजाव पुंगी'. श्रोतेहो, या घोषणेत माणूस कोठे आहे? वजाबाकी पुरी झाली, माणूस गळाला आणि वस्त्र तेवढे उरले. मग उडुपी उपाहारगृहांवर दगड पडले. नोकऱ्या मुळात थोड्या का, या प्रश्नाला चेहरा नसतो; शेजाऱ्याला असतो, म्हणून दगड शेजाऱ्यावर पडतो.

हा प्रश्न मुंबईचा, आपणांस त्याचे काय, असे इस्लापूरकरांनी म्हणू नये. आपला किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. आपल्या बाजारात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि बंजारा बोली ऐकू येतात. चित्रातल्या त्या एका 'दाक्षिणात्या'च्या पोटी तमिळ, मल्याळी, कानडी, तेलुगू अशी चार भाषांची माणसे कोंबलेली होती. त्यांपैकी एक भाषा आपल्या शेजारच्या अंगणात नांदते.

या वाटेचे टोक जर्मनीत दिसले. न्यूरेंबर्ग येथे १९२३ पासून यूलियस श्ट्रायशर याचे 'देर श्ट्युर्मर' हे पत्र निघे. ज्यू म्हणजे वाकड्या नाकाचा, लोभी प्राणी, असे चित्र त्यात अंकामागून अंक छापले जाई. ज्याने आयुष्यात एकाही ज्यू माणसाशी बोलणे केले नाही, त्यासही तो 'ओळखीचा' झाला. पुढे लाखोंची कत्तल झाली. श्ट्रायशर याने स्वहस्ते कोणास मारल्याचा आरोप नव्हता. तरीही द्वेष पेरल्याबद्दल न्यूरेंबर्गच्याच न्यायासनाने त्यास दोषी ठरविले आणि १९४६ च्या ऑक्टोबरात तो फाशी गेला. मुंबई आणि जर्मनी यांस आम्ही एका तराजूत घालीत नाही. परंतु गाळण्याची आणि फुगविण्याची रीत तीच असते, हे ध्यानी धरावे.

आता आमचा गुन्हा. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका बाजारपेठेत हमालीच्या दरासाठी आम्ही काम बंद केले. भिंतीवर एका अडत्याचे चित्र काढविले. पोट सुटलेले, बोटांत अंगठ्या, डोक्यास पगडी. चेहरा कोणा एकाचा नव्हता. पगडी मात्र एका समाजाची होती. लोक हसले, हमाल एकवटले, दर वाढून मिळाला. त्याच समाजाचा एक लहान किराणा दुकानदार बंदच्या दिवसांत आमच्या हमालांस उधारीवर पीठ-तेल देत होता. त्याच्या मुलास शाळेत पोरे भिंतीवरच्या चित्राच्या नावाने चिडवू लागली. दुकानदाराने आम्हांस भिंतीपाशी नेले व विचारले, "दादा, हा मी आहे का?" आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या रात्री आम्ही भिंतीला चुना दिला. मुलाचे ते टोपणनाव मात्र त्याच्या लग्नापर्यंत टिकले.

तेव्हापासून आमच्या संघटनेत एक नियम आहे. फलकावर कोणाचे चित्र काढावयाचे असेल, तर त्याखाली त्याचे नाव आणि तो देत असलेला हमालीचा दर लिहावयाचा. नाव लिहिण्याचे धैर्य नसेल, तर चित्रही काढावयाचे नाही.